शेवटच्या पानावरच्या चार ओळी

"एकोणीस! माझी एकोणीस पानं झाली!" भोवरा ओरडला आणि जोरात फुंकर मारून त्याने खोडरबराचा सगळा चुरा वकीलताईच्या अंगावर उडवला.

"ए! हा नियमभंग आहे! आणि एकोणीस कशी? मघाशी तर पंधरा होती. पुरावा दाखव!"

"गप्पू, तूच सांग!"

गप्पूने एक बोट वर केलं आणि पुन्हा खाली मान घालून तो खोडायला लागला. त्यामुळे कोण खरं आणि कोण खोटं, ते कुणालाच कळलं नाही.

तर अशी ही तिघं. भोवरा पाचवीतला. तो पाच मिनिटं एका जागी बसला, तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतात. वकीलताई त्याची सख्खी बहीण, आठवीतली. तिच्याशी वाद घातला, तर भिंतसुद्धा गुन्हा कबूल करील! आणि गप्पू हा त्यांचा आतेभाऊ, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. सुट्टीत ही दोघं आत्याकडे आली होती. आत्या कॉलेजच्या वाद्यवृंदात स्वरलिपीची छापील पानं सांभाळायची. चाळीस विद्यार्थी वाजवणार म्हणजे पानांचा पसारा केवढा! शिवाय परवा मोठा कार्यक्रम होता. एक नामांकित व्हायोलिनवादक बाई खास पाहुण्या म्हणून येणार होत्या, आणि आत्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

म्हणून सकाळीच तिने तिघांना कामाला जुंपलं होतं. "खिडकीजवळच्या टेबलावरचं खोकं तेवढं घ्या. मागच्या वेळी भाड्याने आणलेली पानं आहेत. पेन्सिलीच्या खुणा खोडून परत पाठवायचीत. बाकी कशाला हात लावलात तर बघा!"

खुणा म्हणजे बो, म्हणजे व्हायोलिन वाजवायचा गज, कुठे वर न्यायचा, कुठे खाली, कुठे हळू आणि कुठे जोरात. एका कोपऱ्यात कंटाळलेल्या कुणीतरी मांजर काढलं होतं. भोवऱ्याने त्या मांजरालाही सोडलं नाही. जो सगळ्यात जास्त पानं खोडील, त्याला तालमीनंतर मोठ्या ढोलावर एक ठोका मारायला मिळणार होता, मग काय!

शेवटी त्याने एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ओढलं. वर लिहिलं होतं, 'दुसरी व्हायोलिनं, तिसरं स्टँड', म्हणजे व्हायोलिनांच्या दुसऱ्या गटातल्या तिसऱ्या जोडीचं पुस्तक. शेवटच्या पानावर संगीत संपलं होतं, त्याखाली चार ओळी होत्या. खुणा नव्हेत, शब्द. चांगले वळणदार, दाबून लिहिलेले शब्द. भोवऱ्याचा हात क्षणभर थांबला.

"बावीस!" वकीलताई ओरडली.

झालं! भोवऱ्याने रबर घासायला सुरुवात केली. चौथ्या ओळीतला शेवटचा शब्द फार काळा होता आणि त्याखाली दोन रेघा होत्या. तो काही केल्या जाईना. भोवऱ्याने इतका घासला, की तिथे कागदाला भोकच पडलं.

"तेवीस! जिंकलो!"

वाचायला किती वेळ लागला असता? फार तर अर्धं मिनिट. पुढे कित्येक दिवस भोवरा हे अर्धं मिनिट मोजत राहिला.

तेवढ्यात वाद्यवृंदाचे व्यवस्थापककाका आत आले आणि दारातच खिळले.

"अरे, हे काय केलंत? हे भाड्याचं खोकं नाही! तीस वर्षांपूर्वीचा आपला संच आहे हा! पाहुण्या बाईंनी पत्र पाठवून मागितलाय. टेबल मोकळं हवं होतं म्हणून मीच सकाळी खोकी इकडची तिकडे..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मग घाईघाईने तिसऱ्या स्टँडचं पुस्तक उचललं. शेवटचं पान पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "नेमकं हेच हवं होतं त्यांना! कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. आत्याशी तर मुळीच नाही!"

"म्हणजे चूक तुमची आणि गप्प बसायचं आम्ही?" वकीलताई म्हणाली.

"खोडलंय कुणी?" काकांनी विचारलं.

काकांनी पुस्तक काखेत मारलं आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

दुपारी पाहुण्या बाई आल्या. पांढरे, आखूड कापलेले केस, साधी चप्पल आणि पाठीला व्हायोलिनची पेटी. पेटी उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ते जुनं पुस्तक काढून ठेवलंय ना?"

"काय सांगू बाई, वाळवी!" व्यवस्थापककाका म्हणाले. "अख्खं खाल्लं हो! टाकूनच द्यावं लागलं."

बाईंचा चेहरा उतरला. "असू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

तालीम सुरू झाली. पण बाईंचं काही लक्ष लागेना. दोनदा त्या मध्येच थांबल्या. वाद्यवृंदाच्या संचालकसरांनी सगळ्यांना दहा मिनिटं सुट्टी दिली, तेव्हा त्या रंगमंचामागच्या पायऱ्यांवर एकट्याच जाऊन बसल्या.

"काहीतरी भानगड आहे," वकीलताई कुजबुजली. "एका जुन्या पुस्तकासाठी कुणी एवढं खट्टू होतं का? आणि काका धडधडीत खोटं बोलले! चला, विचारू या."

"नको ना," भोवरा म्हणाला. पण ती केव्हाच पुढे गेली होती.

"मावशी, त्या पुस्तकात काय होतं?"

बाईंनी तिघांकडे पाहिलं. मोठ्या माणसांना जे सांगवत नाही, ते कधीकधी मुलांना सांगता येतं, तसंच काहीसं झालं असावं.

"मी इथेच शिकले," त्या म्हणाल्या. "माझी मैत्रीण आणि मी एका स्टँडसमोर बसायचो. दोघींत एकच पुस्तक. बाहेरच्या बाजूची वाजवत राहते, आतली क्षणभर थांबून पान उलटते. ती उलटायची. चार वर्षांत एकदाही तिला उशीर झाला नाही. मग बाहेर शिकायला जायची निवडचाचणी होती. त्या सकाळी माझी पेटी उघडली, तर तार कापलेली! आदल्या दिवसापासून पेटी तिच्याच खोलीत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'तूच कापलीस!' ती काहीच बोलली नाही. मला कुणाची तरी तार मिळाली, निवडही झाली. इथला कार्यक्रम व्हायच्या आधीच मी निघून गेले. तिला निरोपसुद्धा न देता."

"मग?" वकीलताईने विचारलं.

"मग तीस वर्षं गेली. चार महिन्यांपूर्वी तिच्या मुलीचं पत्र आलं. 'आई गेली. शेवटी म्हणाली, तिला सांग, शेवटचं पान बघ.' म्हणून आले. आता तिने खरंच काही लिहिलं होतं की नाही, तेही कळायचं नाही."

"लिहिलं होतं!" भोवरा एकदम ओरडला. "चार ओळी होत्या! मी... मी खोडल्या!"

बाईंनी त्याचे दोन्ही खांदे धरले. "काय लिहिलं होतं?"

भोवऱ्याने आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या होत्या. पण एकही थाप त्याला या खऱ्या उत्तराइतकी जड गेली नव्हती.

"मी वाचलं नाही," तो म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला.

बाईंचे हात खाली आले. आणि मग चक्क गप्पू बोलला!

"दाबून लिहिलं होतं का?"

"हो. शेवटचा शब्द तर फारच."

"मग कागदावर वळ असतील. अंधारात तिरपा उजेड टाकला की दिसतात."

"पण पुस्तक काकांच्या खोलीत आहे!" वकीलताईचे डोळे चमकले. "थांबा. मावशी, तुम्ही फक्त त्यांच्या दाराबाहेर उभ्या राहा."

ती थेट काकांच्या खोलीत घुसली. "काका, काका! वाळवीचं आत्याला कळलंय! तिने औषध फवारणाऱ्यांना बोलावलंय. ते आधी तुमचीच खोली घेणार आहेत. टेबलाचे खण, कपाटं, सगळं उचकटणार म्हणे! आलेच ते!"

"काय? आत्ता?" काकांची धांदल उडाली. त्यांनी खण उघडला, पुस्तक छातीशी धरलं आणि धावत दाराबाहेर पडले ते थेट पाहुण्या बाईंच्या समोर!

"अरे वा," बाई शांतपणे म्हणाल्या. "वाळवीने परत आणून दिलं वाटतं."

काकांनी खाली मान घालून पुस्तक पुढे केलं.

वाद्यं ठेवायच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथला दिवा बंद करून गप्पूने मोबाइलचा उजेड पानाच्या कडेला आडवा धरला. कोऱ्या कागदावर बारीक सावल्या उमटल्या आणि अक्षरं वर आली! वकीलताई एकेक शब्द लावत गेली:

"तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून इथे लिहितेय. उद्या शेवटचं पान उलटलं की तुला दिसेलच. माझ्यावर खुशाल रागाव, पण एवढं वाच. तुझी तार मी कापली..."

ती थांबली. पुढे भोक होतं.

"कापली... काय?" बाई पानावर वाकल्या. तीस वर्षांचं उत्तर त्या भोकात होतं. भोवऱ्याला वाटलं, ढोल, ठोका, पहिला नंबर, सगळं कुठेतरी नेऊन पुरावं.

मग त्याला एकदम आठवलं. "तो शब्द सगळ्यात काळा होता! दोन रेघा होत्या! म्हणजे वळ खालीसुद्धा गेला असेल. गप्पू, पुठ्ठा बघ!"

गप्पूने पान उलटलं आणि उजेड पुठ्ठ्यावर आणला. भोकाच्या बरोबर मागे, जाड पुठ्ठ्यात रुतलेला एक शब्द होता, आणि खाली दोन रेघा.

"नाही," भोवऱ्याने वाचलं.

बाई खाली बसल्या, तिथेच, पेट्यांच्या मध्ये, जमिनीवर.

"मग कापली कुणी?" वकीलताईने विचारलं. विचारल्याशिवाय तिला राहवलंच नसतं.

"आता कोण सांगणार? तेव्हा शोधलं असतं, तर सापडलं असतं. मी शोधलंच नाही. मला उत्तर आधीच ठाऊक होतं ना!" त्यांनी भोवऱ्याचे डोळे आपल्या रुमालाने पुसले. "तू वाचलं नाहीस कारण तुला घाई होती. मला तीस वर्षं मिळाली होती रे. एक पत्र टाकलं असतं, तर तिने स्वतः सांगितलं असतं. मला कसली घाई होती?"

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पूर्वार्धात बाई एकट्या पुढे उभ्या राहून वाजवत होत्या, आणि लोक श्वास रोखून ऐकत होते. मग मध्यंतरानंतर कुणाच्याही ध्यानीमनी नसताना एक गंमत झाली. सिम्फनी, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायची तीस वर्षांपूर्वीचीच ती मोठी रचना, सुरू व्हायच्या आधी बाई आल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांत, तिसऱ्या स्टँडसमोर, आतल्या खुर्चीवर बसल्या! शेजारची विद्यार्थिनी एवढी घाबरली, की तिचा बो हातातून सुटायचा बाकी राहिला. स्टँडवर ते भोक पडलेलं जुनं पुस्तक होतं. शेवटपर्यंत प्रत्येक पान बाईंनीच उलटलं. एकदाही उशीर झाला नाही.

नंतर प्राचार्यांनी तिघांना पुढे बोलावलं. बाईंकडून सगळं कळलेल्या आत्याने हकिगत सांगितली, व्यवस्थापककाकांनी सर्वांसमोर माफी मागितली. "शाब्बास! कॉलेजच्या मोठ्या मुलांना सुचलं नसतं ते तुम्हाला सुचलं!" प्राचार्य म्हणाले. टाळ्या झाल्या. वकीलताई लाल झाली, गप्पूने बुटाकडे पाहिलं. भोवऱ्याला मात्र टाळ्या टोचत होत्या. ढोलवाला दादा त्याला हाक मारत होता, "ये रे, तुझा ठोका राहिलाय!" पण तो गेला नाही.

बाईंनी त्याला बाजूला नेलं, पुस्तक उघडलं आणि हातात पेन्सिल दिली. "लिही. वळ दिसताहेत तोवर."

भोवरा उठून न पळता तब्बल वीस मिनिटं एका जागी बसला. पुसट वळांवरून त्याने चारही ओळी लिहिल्या. भोकाशी आल्यावर शेवटचा शब्द पुठ्ठ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

"तिचं अक्षर फार सुंदर होतं," बाई हळूच म्हणाल्या.

"हो," भोवरा म्हणाला. "मी पाहिलं होतं."

दुसरी रेघ वाकडी गेली होती. वकीलताईने नेहमीच्या सवयीने खोडरबर पुढे केला. भोवऱ्याने मान हलवली आणि रेघ तशीच राहू दिली.