चौथा आवाज

चिखलीची गाडी सुटली तेव्हा सुवार्ता तिच्यापासून दहा पावलांवर उभी होती. हातात डबा, खांद्याला पिशवी... आणि कान भलतीकडेच.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या एसटी स्टँडवरचा भोंगा त्या सकाळी बंद पडला होता, म्हणून चौकशीच्या खिडकीतला नवा कंट्रोलर आपल्या गळ्यानंच गाड्या पुकारत होता. खोल, भरदार आवाज, विहिरीत घागर बुडावी तसा. तो ओरडत नव्हता, तरी पार टोकाच्या पेरूवाल्या बायांपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता.

गाडी गेल्याचं लक्षात आलं तशी ती खिडकीशी गेली.

"चिखली गेली?"

"आत्ताच गेली. तीनदा पुकारली की बाई."

"ऐकलं मी. तिन्ही वेळा."

"मंग बसल्या काऊन नाही?"

"ऐकतच राहिले..." ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. पण आता बोललोच आहोत तर पुरतं बोलावं, असं तिला वाटलं. "तुम्हाला गाता येतं का?"

त्यानं टाक खाली ठेवला. सावळा चेहरा, दाट भुवया, आणि डोळ्यांत हसू दाबून धरलेलं. "मले? मी तं गाड्या पुकारतो."

"तेवढं पुरेल," सुवार्ता म्हणाली.

झालं होतं असं, की सुवार्ताचे वडील जानराव मास्तर चर्चमधलं गायकमंडळ चालवायचे. परत गेलेल्या एका मिशनरी मडमेनं त्यांच्याकडे काही जुने कागद ठेवले होते. चारशे वर्षांपूर्वी इटलीत रचलेलं लॅटिन गाणं, चार आवाजांचं, पेटीबिटी काही नाही. एका आवाजानं ओळ धरायची, दुसऱ्यानं थोडं थांबून तीच ओळ घेऊन मागून यायचं, मग तिसरा, मग चौथा. हे गाणं एकदा तरी पुरं ऐकावं अशी मास्तरांना वीस वर्षं आस होती. यंदाच्या ईस्टरला जमेलसं वाटत होतं, तेवढ्यात खालचा आवाज, म्हणजे बास गाणारे गृहस्थ बदली होऊन नागपूरला गेले.

त्या शनिवारी संध्याकाळी, सुवार्तानं सांगितलेल्या वेळेला, तो कंट्रोलर चर्चच्या दाराशी येऊन उभा राहिला. नाव सहदेव, गाव दुसरबीड.

"आधीच सांगतो मास्तर. आम्ही बौद्ध हाओत. छप्पन साली बापासंगं मी दीक्षा घेतली. गाईन, पण तेच राहीन."

मास्तरांनी चष्मा पुसला. "मला बास पाहिजे, बाप्तिस्मा नाही. या आत."

सहदेवला वाचून गाता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं तो विसरत नव्हता. मास्तरांनी शब्द देवनागरीत लिहून दिले. आल्टोची, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजाची ओळ सुवार्ताची. तिनं सुरू केल्यावर चार मात्रा थांबून सहदेवनं यायचं, आणि तो दर वेळी तिसऱ्या मात्रेलाच यायचा.

"तुम्ही घाई करता," एकदा सुवार्ता हळूच म्हणाली.

"तुम्ही सुरू केलं की थांबणं होत नाही मले."

"मनात मोजायचं."

"मोजतो ना... तुम्ही वर पाहिलं की हुकते."

मग ती कागदातच बघून गाऊ लागली. तरी तो तिसऱ्या मात्रेलाच आला.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं, "याचा अर्थ काय हो? मी काय म्हणून राह्यलो ते मले समजलं पाहिजे. चुकीचं गाव पुकारलं तं लोक चुकीच्या गाडीत बसतात."

सुवार्ताला अर्थ ठाऊक होता. पवित्र शास्त्रातलंच ते प्रेमगीत होतं. त्यात एक प्रियकर भिंतीआडून, खिडकीतून डोकावत आपल्या लाडकीला बाहेर बोलावतो. पाऊस सरलाय, झाडं फुलावर आलीत, अजून घरात काय बसलीस, असं म्हणतो. हे या माणसाला तोंडावर कसं सांगायचं?

"देवाची स्तुती आहे," ती म्हणाली.

"मंग सांगताना लाजता काऊन?"

 सहदेवनं कागदाच्या कोपऱ्यात मास्तरांनी लिहिलेला अध्याय मंडळातल्या तानुबाईंना दाखवला, त्यांच्याकडून मराठी बायबलातलं ते पान काढून घेतलं, आणि पुढच्या शनिवारी गाण्याआधी तिच्या बाजूनं जाता जाता म्हणाला, "तुमची स्तुती वाचली. दोनदा."

त्या दिवशी तो बरोबर चार मात्रा थांबून आला. सुवार्ताच आपली ओळ विसरली.

पण तानुबाईंच्या पोटात गोष्ट राहिली नाही. ईस्टरला आठ दिवस असताना चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाचे प्रमुख पुंजाजी यांनी सगळ्यांना बोलावलं.

"मास्तर, देवळात असले शृंगाराचे गाणे? लोक काय म्हणतील? दुसरं काही बसवा."

 मास्तर नुसते कागद नीट करत राहिले, एकावर एक, कडा जुळवत. मागच्या बाकावर सहदेवची मान खाली गेली. आपण विचारलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, हे त्याच्या चेहऱ्यावर सुवार्ताला स्पष्ट दिसलं.

ती उठली. "काका, आधी ऐका तर. मग नाही म्हणा."

तिनं मराठी बायबल उघडलं आणि वाचू लागली.  त्या प्रियकराचं सगळं बोलावणं तिनं न गाळता, न लाजता वाचून काढलं. "हे शास्त्रातलंच आहे. गाण्यातून काढायचं तर आधी इथून काढावं लागेल."

 मग बायकांच्या बाजूनं पुंजाजींची बायको जनकाबाई म्हणाली, "चाळीस वर्षं झाली लग्नाले. एवढं गोड मले कोणी बोललं नाही. गाऊ द्या त्याह्यले."

आधी बायका हसल्या, मग पुरुष. पुंजाजींनी मिशीवरून हात फिरवला. "गा मंग," ते म्हणाले.

ईस्टरच्या सकाळी खिडक्या सताड उघड्या होत्या आणि कडुनिंबाच्या मोहोराचा वास आत येत होता. सुवार्तानं ओळ धरली. एक, दोन, तीन, चार... आणि तिच्या खालून सहदेवचा आवाज असा वर आला, की पायाखालची फरशी हलल्यासारखं तिला वाटलं. चारही आवाज एकमेकांना शोधत, चुकवत, पुन्हा गाठत शेवटी एका जागी येऊन थांबले. मास्तरांनी हात खाली घेतला, पण वळून लोकांकडे बघायला त्यांना बराच वेळ लागला.

बाहेर सगळे पांगल्यावर सहदेव तिच्याजवळ आला. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"ते गाण्यातलं... ते त्या माणसाचं बोलणं होतं. मले माह्यं सांगायचं हाये."

"सांगा ना."

"तुम्ही आवडता मले. पण मी बदलणार नाही. आन् तुम्हीही बदलू नका."

सुवार्ताला हसूही आलं आणि डोळेही भरले. "मी कधी बदला म्हटलं? मलाही तुम्ही असेच आवडता."

मास्तर ऐकून एवढंच म्हणाले, "मी नाही म्हणणारा कोण? आधी त्याच्या आईला भेटून ये."

दुसरबीडला सहदेवच्या अंगणात त्याची आई कलाबाई बाजेवर धोतर पसरून कुरडया घालत होती. पोरीला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सुवार्ता न सांगता शेजारी बसली आणि सोऱ्यात चीक भरू लागली.

"याले गाणं शिकवलं म्हणे तुम्ही. आता धरमही शिकवान?"

"नाही, मावशी. त्याचा त्याच्याजवळ राहील, माझा माझ्याजवळ. लग्न कचेरीत करू, सही करून."

"आन् लेकरायचं?"

 सहदेवनं एकदम गोठ्याकडे तोंड फिरवलं.

"ती... मोठी झाली की त्यांनाच विचारू," ती कशीबशी म्हणाली.

कलाबाई असं हसली की तिच्या हातातली कुरडई वाकडी पडली. "उन्हात बसली, पदर घे डोक्यावर. आन् मावशी काय म्हणतं, आई म्हण."

सुवार्तानं पदर घेतला, सोऱ्या पुढं ओढला.

"आई, चीक आणखी आहे का?"