मिरचीच्या दोन ओळी

"दार लावा, मॅडम! मधमाशा आत येतील!"

दैवशाला दचकली. जाळीच्या शेडनेटमध्ये पाय टाकते न टाकते तोच हा हुकूम! आणि हुकूम सोडणारा मात्र मिरचीच्या ओळींपासून लांब, स्टुलावर बसून निवांत चहा पीत होता. अंगद. टेंभुर्णीच्या या बीजोत्पादनाचा इन्चार्ज.

"बाया तिकडं कामात, अन् तुम्ही इथं? लक्ष कोण ठेवतं?"

"त्यांचं काम त्यांना बराबर येतं की." तो हसला. "चहा घेता? का... त्याच्यावर बी लक्ष ठेवावं लागतं?"

ओठांवर आलेलं हसू तिने गिळलं. बियाणं कंपनीची तपासनीस होती ती. डोळा चुकला की बाया टंगळमंगळ करतात, हे तिचं ठाम मत. त्याच दिवशी जालन्याला परतून तिने साहेबांना अहवाल पाठवला — अंगदला काढा. पाठवला खरा, पण निर्णय येईपर्यंत जिवाला चैन पडेना. निमित्त काढकाढून ती टेंभुर्णीला यायची, मोजलेलीच फुलं पुन्हा मोजायची, आणि तो बघतोय का ते चोरून बघायची... तो बघतच असायचा. मेली ती नजर!

एका दुपारी ती तिथंच असताना कामावरच्या पुष्पाबाई आपण होऊन अंगदसमोर आल्या. "भाऊ, काल डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन ओळीत कळीतला नर, म्हंजी पुंकेसर, काढायचा ऱ्हायला, अन् मी तसाच काम झाल्याच्या खुणेचा दोरा बांधला. तोडून टाका ते, न्हाईतर सगळ्या बियात भेसळ व्हईल."

"बरं झालं सांगितलं," म्हणत तो त्यांच्यासोबत तोडायलाही लागला. ना ओरडणं, ना दंड.

दैवशालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीच्या शेतांवर तिच्या पहाऱ्यात तीन वर्षांत एकाही बाईने चूक कबूल केली नव्हती, आणि बी मात्र दर वर्षी शुद्धतेच्या चाचणीत नापास होत होतं.

"अंगद... तुम्हाला काढा, असं मी कळवलंय. पहिल्याच दिवशी."

त्याचे हात थांबले. "मंग सांगून कामून राह्यल्या? मला कळलं बी नसतं."

तिने त्याच्यासमोरच साहेबांना फोन लावला. "सर, तो अहवाल चुकीचा आहे. चूक माझी... माझ्यावर कारवाई करा, पण अंगद इथंच राहायला हवेत."

साहेब तडकले. उद्या दोघंही ऑफिसला या म्हणाले आणि फोन ठेवला.

"राहायला हवेत?" अंगदने हळूच विचारलं. "कोणाला?"

"बियाण्याला," ती घाईने म्हणाली. मग मान खाली घालून — "आणि... मला."