उलटी चाललेली सावटी

गिरणा तापीला मिळते आणि तिथेच तिचं नाव सरतं. भडगावच्या माणसाने समुद्र ऐकायचा तो कीर्तनातच. ‘सरिता सागराला मिळाली’ असं बुवा म्हणाले की निंबाआबांचे डोळे भरून यायचे. आता त्यांना ती भेट डोळ्यांनी पाहायची होती, तीही उगमापासून पायी! म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपेल अशी नदी पुतण्या हितेंद्रने शोधली. कोकणातली सावटी. डोंगरातून उडी मारते, दोन दिवसांच्या वाटेवर खाडी.

पण सावटीला पाहुणे नको होते. कड्याखालच्या शेवाळाने आबांना दोनदा आपटलं. पुढे शहराची उपनगरं लागली. सोसायट्यांच्या भिंती थेट पाण्यात उतरलेल्या, नाले काळं ओकणारे, आणि काठावर पाऊल टेकलं की कुत्री अंगावर.

"आबा, रिक्षा करू," हितेंद्रची बायको रूपाली म्हणाली. "समुद्र तोच."

"रिक्षामा बशीसन देव भेटस का?"

"मेहरूणच्या कीर्तनाला रिक्षानेच आला होतात की."

आबा पुढे चालू लागले.

शेवटच्या पुलाखाली पात्र रुंदावलं. मधे नुसता चिखल. पुलावरून एक कोळीण ओरडली, "वर या, पाणी चढतंय."

हितेंद्रने डोंगराकडे पाहिलं. "आभाळ कोरं शे. पूर कोठून ई?" गिरणाकाठच्या माणसाला पाणी वरूनच येतं, एवढंच ठाऊक! तो सरळ चिखलात शिरला.

तेवढ्यात आबा थबकले. मघा पुढे वाहून गेलेला झेंडूचा हार परत त्यांच्याकडेच येत होता.

"हितू, माघारी फिर. पानी उलटं जाई ऱ्हायनं."

हितेंद्र वळला आणि मांडीपर्यंत रुतला!

पाणी कमरेला लागलं. मग छातीला. आबांनी उपरणं फेकलं. आखूड पडलं! रूपालीने ओढणी गाठ मारून जोडली. पुन्हा फेकलं. त्याने धरलं.

"उभा राहू नकोस, पाण्यावर आडवा हो," ती म्हणाली.

आबांनी पुलाच्या खांबाला पाय रोवले. विठ्ठल! ओढ! विठ्ठल! ओढ! चिखलाने एक पाय सोडला, मग दुसरा. तिघं धडपडत पुलाच्या पायऱ्यांवर आले, तेव्हा खालचा चिखल बुडून गेला होता.

"नदीचं मुख अजून लांब आहे, आबा," रूपाली धापा टाकत म्हणाली.

"ऱ्हाऊ दे." आबांनी ओठांवरून जीभ फिरवली. पाणी खारट होतं. त्यांनी हात जोडले. "आपण काय जातस? तो सोताच भेटाले उना."

"उना तो उना," हितेंद्र अनवाणी पायांकडे बघत म्हणाला, "मना बूट लई गया."