भांगाला ये

"अहो, असे उभे काय राहिलात खाडीत? पाय काढा!"

कमळने काठावरून हाक मारली आणि मग तिलाच हसू फुटलं. पाय निघतच नव्हते बिचाऱ्याचे! वेसाव्याला ओहोटी लागलेली बघून स्वारी होड्यांचे फोटो काढायला थेट चिखलात उतरली होती. गुडघ्यापर्यंत रुतला, तरी कॅमेरा डोक्यावर धरलेला. कमळने वल्हं पुढे केलं आणि त्याला ओढून काढलं.

"मी नंदू सावंत. घाटकोपरला फोटो स्टुडिओत असतो."

"आणि चिखलात?"

"चिखलात… आजपासून."

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं ते. मग काय, दर रविवारी नंदू हजर! त्याने जाळी विणणारे म्हातारे टिपले, वाळणारे बोंबील टिपले, तिवरांतले बगळे टिपले. कमळचा मात्र एकही फोटो नाही.

"माझंच काय वाकडं आहे रे?" एकदा तिने विचारलंच.

"तुझ्याकडे कॅमेरा धरला की… हात हलतो गं."

झालं! त्या दिवसापासून तिचंही मन थाऱ्यावर राहिलं नाही. आणि नेमकं तेव्हाच मनोरीहून स्थळ आलं. मुलाकडच्यांना आधी फोटो हवा होता. तिच्या आईने, सरूबाईने, बोंबील वाळत घालता घालता लांबूनच नंदूला हाळी दिली, "रं नंदू, कमळचं काम हाय! अष्टमीला, भांगाला ये!"

नंदूचा चेहरा असा काही उजळला की कमळच्या काळजात चर्र झालं. दुसऱ्याला धाडायचा फोटो काढायला एवढा आनंद? म्हणजे याच्या मनात काहीच नाही! आठवडाभर ती उशीत तोंड खुपसून रडली.

अष्टमीला तो आला. अंगात नवा सदरा, काखेत पेढ्यांचा पुडा, हातात कुंकवाची डबी. कॅमेऱ्याचा पत्ता नाही!

"फोटो कशात काढनार? डबीत?" सरूबाई म्हणाली.

"फोटो?" नंदू चाचरला. "तुम्हीच म्हणालात ना… कमळचं काम आहे, भांगाला ये. मला वाटलं, तिच्या भांगात कुंकू भरायला… मी घरी सांगून आलोय."

सरूबाईने कपाळावर हात मारला. "आरं येड्या, भांग म्हंजे भरतीला जोर नसतो ते दिस! होड्या काठाला, मानसाला सवड. शाळेत शिकवलं नाय?"

"भूगोलात… नापास होतो." त्याचे कान लालबुंद झाले. "चुकलं माझं. ही डबी मी परत…"

"खबरदार!" कमळने डबी हिसकावून घेतली. रडू आणि हसू एकदमच आलं तिला. "आणलीस ती न्यायची नाही. आई, मला हाच हवा."

"आनि मनोरीवाल्यांना काय धाडू?"

"बोंबील धाड!"

सरूबाईने लेकीकडे पाहिलं, नंदूकडे पाहिलं आणि पुड्यातला एक पेढा तोंडात टाकला.

"लगीन मातर भांगालाच धरायचं हां. उधानाला आपल्या होड्या बाहेर असतात."

नंदूने जोरात मान डोलावली. हा भांग त्याला बरोबर कळला.