फरशी बद्द वाजते तिथं

दार लोटून घे मोनाली, वारं येऊन राह्यलं. अन् तो मोबाइल ठेव खाली. तुमी नवे लोक मले रोज इचारता, का भिंतीवरच्या फोटोतला हा बुढा कोण, अन् धम्मरत्न ड्युटीवर आला का त्याले सलाम काहून ठोकते. तो तं देवाले हात जोडत नाही, भुताखेताले मानत नाही. मंग ऐका. हे धम्मरत्नचंच हाय, त्यानं मले सांगतलं तसंच सांगतो. जिथं मी सोता होतो तिथं तसं सांगन. कोणाले खोटं वाटत असन तं त्यानं आताच जाऊन झोपावं, मंधात दात काढू नये.

फोटोतले ते पांढऱ्या मिशीचे पंजाबराव. कागदावर फायर सुपरवायझर, पण साऱ्या जिल्ह्यात त्यायले तपासवाले म्हणत. आग इझवाचं काम आपलं. ती कुठून सुरू झाली, कशानं, कोणाच्या हातानं, हे शोधाचं काम त्यायचं. रिटायर होऊन आठ वर्षं झालती. जल्मभर धूर गिळलेला माणूस, शेवटी छातीनंच गेला.

गेल्या साली, दोन हजार पंचवीस, सहा फेब्रुवारी, गुरुवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, नवमीचं चांगलं चांदणं होतं. त्या दिवशी केळापूरले पंजाबरावांची तेरवी होती. आमी सारे जेवून संध्याकाळी इथं फायर स्टेशनात परत आलो, चहा मांडला, अन् बसलो त्यायच्या गोष्टी काढत.

त्यायचा तपास म्हणजे कानाचा तपास. आग थंडी झाली का हातात लोखंडी दांडी घेऊन कोबा ठोकत फिरत. बाजारात बाई मडकं वाजवून पाह्यते ना, तसं. टण् वाजला का पुढं. जिथं बद्द वाजला तिथं उभे. म्हणत, तेल ओतून लावलेली आग खाली बसते अन् सिमिटाले पोटातून फोडते, वरून काही दिसत नाही, आवाज मात्र पोकळ येते. ही खोड अशी लागली होती का पुतण्यासाठी पोरगी पाहाले गेले तिथंही बसल्या बसल्या फरशी ठोकली, अन् यजमानाले म्हणे, तुमच्या घरी इथं कधीतरी स्टोव्ह भडकला होता. सोयरीक मोडली ना बावा. आमी हसून हसून लोळलो. मंग कोणी सांगतलं, एका पुढाऱ्याचा माणूस रिपोर्ट बदलाले आलता, त्याले पंजाबरावांनी बसवलं, चहा पाजला, अन् त्याच्या देखत जे लिहाचं तेच लिहिलं. असा माणूस. मले तं बोलता बोलता रडू आलं, सांगाले लाज कायची.

धम्मरत्न कोपऱ्यात आपली लोखंडी दांडी पुसत बसलता. पंजाबरावांचा शेवटचा चेला तो. रिटायर झाल्यावरही बुढ्यानं त्याले तीन वर्षं केळापूरच्या अंगणात ठोकाठोकी शिकवली होती.

तेवढ्यात स्टेशनचे साहेब बाहीर आले अन् म्हणे, धम्मरत्न, आज जिनिंगवर राखण तुझी.

आता ही जिनिंग कोणती ते मी सांगत नाही. घाटंजीच्या रस्त्यावर हाय एवढं पुरे. मंगळवारच्या रात्री तिचं कापसाचं गोदाम जळलं. चौकीदार बळीराम, त्यानं हातानं जळता कापूस ओढला, दोनी पंजे भाजून घेतले. अन् मालकानं सांगतलं काय, तं यानंच बिडी टाकली. पोलिसायनं बळीरामले उचललं. राह्यला आपला रिपोर्ट. आग लागली तवा पहिला पोचला होता धम्मरत्न, म्हणून सही त्याची पायजे होती. साहेबाले वरून फोन आलता, का बिडी लिहा अन् मोकळे व्हा. साहेब वाईट नव्हता, भेकड होता. धम्मरत्नची नोकरी मार्चात पक्की व्हाची होती, तेही त्याले गोड बोलून याद करून देल्लं होतं.

राखण कायले, तं कापसाच्या गाठीच्या पोटात इस्तो तीन-तीन दिवस जिता राह्यते. वारं लागलं का पुन्हा पेट. म्हणून एक माणूस रातभर ठेवाच लागते.

साडेनऊले मी त्याले जीपनं सोडलं. फाटकापाशी एक बाई गाठोडं घेऊन बसलती. बळीरामची बायको, कांताबाई. दोन दिवसापासून तिथंच. तिनं हात जोडले नाही, रडली नाही. सरळ धम्मरत्नच्या डोळ्यात पाहून म्हणे, "माह्या माणसानं जल्मात बिडी ओढली नाही, साहेब. तो तंबाखूचा खर्रा खाते. सही तुमची हाय म्हणतात. मंग पाहून करा."

धम्मरत्ननं आपल्या डब्यातली अर्धी भाकर अन् भाजी तिले देल्ली. मी परत फिरलो.

गोदाम कसं, तं दीडशे हात लांब. वरचे टिनं अर्धे पडलेले, खाली नडगीइतकी राख. अकरा वाजता साहेबाचा फोन आला. सकाळी सातले मालकाचं जेसीबी येईन, जागा साफ करीन, तू आडवा येऊ नोको, अन् येऊन रिपोर्टवर सही कर. धम्मरत्ननं फोन ठेवला अन् दांडी घेऊन आत शिरला.

कारण मशीन फिरलं का संपलं. कोबाही जाईन अन् बळीरामही जाईन. जे सापडाचं ते सातच्या आत.

दीड तास ठोकलं त्यानं. टण्. टण्. टण्. राख उडून डोळे चरचरले, खांदा भरून आला. बद्द म्हणून आवाज नाही. दीडशे हातात कुठं कुठं ठोकन एकटा माणूस? साडेबारा-एकले बाहीर आला, खुर्चीवर बसला, अन् पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, का करून टाकावं सही. घरी लहान पोरगी हाय, नोकरी हाय. तेवढ्यात फाटकापाशी बसलेली ती बाई दिसली अन् त्याची त्यालेच लाज वाटली. त्यानं हे मले सोता सांगतलं, मी रचून नाही सांगत.

पावणेतीनले चांद बुडाला.

निरा अंधार. दूर हायवेवर एखादा ट्रक. बाकी काही नाही.

अन् गोदामात आवाज आला.

टण्...

धम्मरत्नले वाटलं, टिन थंडं होऊन राह्यलं असन. थंड्या रातीत टिन वाजतेच.

टण्...

मंग त्यानं कान देल्ला. दोन पावलं, अन् ठोका. दोन पावलं, अन् ठोका. राखेत पाय पडल्याचा आवाज येत होता. फस्... फस्... टण्. घाई नाही. चूक नाही.

दांडी धम्मरत्नच्या मांडीवर होती.

त्यानं बॅटरी मारली. आवाज बंद. उजेड साऱ्या गोदामातून फिरवला. खांब. राख. काळ्या गाठी. कोणी नाही. बॅटरी इझवली.

फस्... फस्... टण्.

फाटकाकडून कांताबाईचा आवाज आला. लय हळू.

"साहेब... आत तुमीच हाय ना?"

धम्मरत्न खुर्चीवरून म्हणे,

"नाही बाई. मी इथं हाय."

आत ठोके चालूच. दूर जाऊन राह्यले. मांगच्या शटरकडं... आणखी दूर...

बद्द.

थांबलं.

...बद्द.

अन् चूप.

पोरांनो, तुमी काय केलं असतं मले माहीत नाही. मी असतो तं घाटंजीपर्यंत पळालो असतो, अन् ते सांगाले मले लाज नाही. धम्मरत्न उभा राह्यला. डोस्कं तापलं होतं त्याचं. म्हणे, ज्याले मी मानत नाही त्याच्यापुढं मी भेऊ कायले? अंधारात तोंड करून त्यानं मोठ्यानं सांगतलं,

"पंजाबराव साहेब, असान तं असा. नसान तं नसा. मी येऊन राह्यलो. पण लिहीन ते माह्या कानानं ऐकून लिहीन, तुमच्या नाही."

बॅटरी न लावता गेला तो. उजेड केला तं जागा हरपन, एवढंच भेव. हात पुढं. पाय घासत. एक खांब... दुसरा... तिसरा. गार वारं शटरच्या फटीतून आलं. त्यानं दांडी टेकवली.

टण्.

एक पाऊल.

टण्.

अजून एक.

बद्द.

तिथंच टोंगळ्यावर बसला. राख हातानं सारली, चाकूनं कोब्याचा पापुद्रा उचलला. पोळीचा पापुद्रा निंघते तसा निंघाला, अन् खालून भपकन डिझेलचा वास आला. कापसाच्या गोदामात डिझेल कायले येते? अन् बद्द पट्टा सरळ शटरपर्यंत गेलता. बळीरामची बाज होती दुसऱ्या टोकाले, दारापाशी. एवढं सारं त्यानं पुन्हा सोता ठोकून पाह्यलं, तीनदा. मंग चार वाजता मले फोन केला. म्हणे, हरिसिंगभाऊ, पोलीस अन् गावचे दोन पंच घेऊन या, लवकर या. मी म्हटलं, काय झालं बे? म्हणे, जागा सापडली. कशी ते इचारू नोका.

आता पोलिसायले पहाटे उठवणं म्हणजे काय असते ते तुमी शिकसान. मी पोचलो साडेनऊले. सातले मशीन आलं.

मशीनवर सुनील म्हणून वणीचा डायव्हर. कोळशाच्या खाणीत दहा वर्षं मशीन चालवलेला, असल्या-तसल्याले न भेणारा गडी. पंजाबरावांले त्यानं जल्मात पाह्यलं नव्हतं. संग मालकाचा मॅनेजर मोटारसायकलवर. यायनं पाह्यलं तं शटरपाशी, राखेत, मांडी घालून धम्मरत्न बसलेला. मांगं ती जागा, पुढं मशीन.

मॅनेजरनं पहिले समजावलं, मंग दम देल्ला, मंग साहेबाले फोन लावून फोन त्याच्या कानाले लावला. साहेब ओरडून राह्यले होते, ते मॅनेजरलेही ऐकू येत होतं. धम्मरत्न शेवटी म्हणे,

"नोकरी घ्या साहेब. जागा नाही देत."

फोन देऊन टाकला वापस.

मॅनेजरनं सुनीलले खूण केली, का चाल पुढं, अंगावर आलं का उठते बरोबर. सुनीलनं मशीन रेस केलं. बकेट वर उचललं. धम्मरत्नले बकेटचे दात दिसत होते, त्याच्यात मागच्या कामाची लाल माती अडकलेली. दहा हात राह्यले. आठ.

तो हालला नाही. त्याच्या मनात तवा काय होतं मी इचारलं, तं म्हणे, हात भाजलेला बळीराम होता, दुसरं काही नाही.

अन् मशीन बंद पडलं. पडलं नाही, सुनीलनं बंद केलं. बकेट खाली टेकवलं अन् उतरला. तोंड उतरलं होतं त्याचं. मॅनेजर धावून आला, काय झालं, काहून थांबला?

सुनील म्हणे, "हा एकटा असता तं मी भेव दाखवला असता. पण त्या बुढ्या माणसावर मशीन कसं नेऊ?"

"कोणता बुढा?"

"हे काय. याच्या बाजूले बसले ते. पांढऱ्या मिशीचे. हातानंच थांब म्हणून राह्यले."

मॅनेजरनं पाह्यलं. धम्मरत्ननंही मान वळवून पाह्यलं. बाजूले राख होती. फक्त राख.

मॅनेजर शिव्या देत राह्यला. सुनील काही मशीनवर चढला नाही. जाऊन फाटकाबाहीर बसला, कांताबाईजवळ पाणी मांगतलं. अन् धम्मरत्न... त्यानं पुन्हा बाजूले पाह्यलं नाही. समोर पाहत बसला. अडीच तास. कोणी पाणी देल्लं तं नाही म्हणे. मी पोलीस अन् पंच घेऊन आत शिरलो तवा त्याच्या डोळ्यात असं काही होतं का माह्यासारख्या बुढ्यालेही जवळ जाताना दबकावं लागलं.

पंचनामा झाला. पापुद्रा डब्यात भरला, मोहर लावली, पंचायनं नाकानं वास घेतला. त्याच पापुद्र्यावरून बळीराम चौथ्या दिवशी घरी आला अन् इम्याच्या पैशासाठी आग लावली म्हणून मालक कोर्टाच्या पायऱ्या चढून राह्यला. धम्मरत्नची नोकरी पक्की व्हाले सहा महिने जास्त लागले. लागले तं लागले.

पण ते पुढचं. त्या सकाळी पोलीस म्हणे, उठा आता, तुमच्या खालची जागा मोजू द्या. धम्मरत्न उठला. पाय बधिर झालते, मी हात देल्ला.

सारे खाली पाहाले लागलो.

कांताबाई पुढं आली, पाह्यलं, अन् तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

एक पंच हळूच म्हणे, हे लिहाचं का? पोलीस म्हणे, जाऊ द्या, कोर्टात हसतीन. तवा धम्मरत्न, भुताले न मानणारा धम्मरत्न, रात्रीपासून पहिल्यांदा आवाज चढवून बोलला.

"जे दिसलं ते लिहा."

म्हणून लिहिलं. नक्कल माह्यापाशी हाय, पाहाची असन तं पाहा. सातव्या कलमात हाय:

"आगीच्या जागेपुढे राखेत दोन इसम शेजारी-शेजारी मांडी घालून बसल्याच्या खुणा आढळल्या. पैकी उजवीकडील खूण अग्निशामक धम्मरत्न यांची. डावीकडील खुणेपर्यंत येणारी अथवा तेथून जाणारी पावले आढळून आली नाहीत."