अक्कांनी नावं न ठेवलेला जोडा

पदन्यास कंपनीच्या साताऱ्यातल्या प्रयोगशाळेत धावण्याचे जोडे तपासायला चार यंत्रं होती आणि एक नणंद. डॉ. विशाखा निकमचा यंत्रांवर विश्वास होता. नणंदेवर जरा जास्तच होता.

नणंद म्हणजे शकुंतला फाळके, सगळ्यांच्या अक्का. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या आणि रोज सकाळी यवतेश्वरच्या घाटात धावणाऱ्या. विशाखाच्या लग्नात त्यांनी जिलेबीच्या पाकापासून भटजींच्या उच्चारांपर्यंत सगळ्याला नावं ठेवली होती. गंमत म्हणजे त्यातलं एकही खोटं नव्हतं. पाक खरंच कच्चा होता. म्हणून पुढे जोड्यांच्या चाचणीला माणूस हवं झालं, तेव्हा विशाखानं लांब शोधलंच नाही. आजवरचे सगळे जोडे अक्कांनी आठवडाभरात परत आणून आपटले होते. एकाची जीभ घोट्याला चावते, दुसऱ्याची टाच रिकाम्या डब्यासारखी वाजते, तिसरा घातला की पाय माहेरी आल्यासारखा पसरून बसतो.

गेल्या दसऱ्यानंतर त्यांच्या पायात ‘मऊपाऊल’ आला. रोजच्या सरावासाठी फेसाच्या, म्हणजे फोमच्या, जाड मऊ तळाचा जोडा, आणि बरोबर त्याच फेसाच्या सपाता. पाय दिवसभर एकाच तळावर राहिला तरच चाचणी शुद्ध राहील, असं विशाखाचं म्हणणं. तेव्हा घाटात जोडा आणि घरात सपाता, न्हाणीघरापासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. अक्कांनी काही महिने नाव ठेवलं नाही, एवढ्या भांडवलावर कंपनीनं गुढीपाडव्याला जोडा आणि सपाता एकाच खोक्यात घालून बाजारात आणल्या. अहवालाखाली सही विशाखाची.

आणि आता घटस्थापना आली तरी अक्कांची तक्रार नव्हती. गेले काही दिवस विशाखाला हेच खुपत होतं. सासरी नणंद गप्प बसली तर सून आधी चुलीवरचं दूध बघते.

“उरक गं बाई लवकर,” आल्या आल्या अक्का तपासणीच्या लांब खुर्चीवर चढून बसल्या. “अकराच्या आत घट बसवायचेत. आणि हे तुझं सोनं आता नऊ दिवस तुझ्याकडेच ठेव. मी इथूनच अनवाणी निघणार.”

लग्न झाल्यापासून अक्का नवरात्रात पायात काही घालत नसत. घट बसले की पहिल्या दिवशी किल्ल्यावरच्या देवीला चढून जायचं, हा शिरस्ता.

“यंदा तरी काही बोला की, अक्का. टाच? पंजा? कुठे जरासं टोचतं?”

“नाही.”

“घाट उतरताना गुडघ्यात?”

“अगं, गुडघा आहे हेच विसरले मी. ढगावरून धावल्यासारखं होतं. नावं ठेवायला जागाच ठेवली नाहीस, मेली.”

शेजारी उभे असलेले उपाध्ये लाजले. हा ‘निराघात फेस’ त्यांनी घडवला होता, आणि उपवर लेकीबद्दल बोलावं तसं ते त्याच्याबद्दल बोलत. “मॅडम, पाऊल पडलं की जमीन उलटा धक्का देते. आमचा फेस तो पूर्ण पितो. पायापर्यंत काही म्हणजे काही पोचत नाही.”

विशाखानं खुर्चीवरच अक्कांचे जोडे उतरवले आणि पाय अस्थिदर्शकात सरकवले. इतके दिवस इथे चाल मोजत, स्नायू मोजत, तळव्याची कातडी बघत. हाडाच्या आत डोकावणारं हे यंत्र गेल्याच आठवड्यात आलं होतं. पडदा उजळला. विशाखानं तो बंद करून पुन्हा लावला. मग म्हणाली, “उपाध्ये, तुमचा पाय आत घाला बघू.”

“माझा?”

“घाला हो.”

उपाध्यांची टाच पडद्यावर आली. दाट, पांढरी, भरीव. यंत्र ठीक होतं. विशाखानं पुन्हा अक्कांची टाच घेतली. तिथे हाड म्हणून जे काही होतं ते वाळवी लागलेल्या दारासारखं दिसत होतं. बाहेरून आकार शाबूत, आत नुसती जाळी. त्या जाळीतून काळ्या रेघा गेल्या होत्या. डाव्या टाचेत, उजव्या टाचेत, घोट्याच्या वर नडगीत.

तिनं उपाध्यांना दंडाला धरून खिडकीपाशी नेलं.

“या भेगा आहेत?” उपाध्यांनी वळून पडद्याकडे बघितलं.

“हाडं मोडलीत. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. सगळ्यात जुनी रेघ सातेक महिन्यांची असेल.”

“शक्य नाही. काल सकाळी त्या घाटात धावल्यात. फेस सगळा भार घेतो, हाडावर काही येतच नाही!”

“तेच. काही येतच नाही.” विशाखा म्हणाली. “हाड म्हणजे दगड नव्हे, उपाध्ये. ते रोज थोडं पाडलं जातं, रोज थोडं बांधलं जातं. कुठे बांधायचं हे आतल्या पेशींना कशावरून कळतं? पाऊल आपटल्यावरून. धक्का बसला की त्या जाग्या होतात, इथे माणसाचं काम आहे, इथे मजबूत करा म्हणतात. अंतराळात गेलेल्यांची हाडं का झिजतात? तिथे पाऊल आपटत नाही म्हणून. आपण अक्कांना रोज अंतराळात धाडत होतो. घाटातून.”

“पण मोडल्यावर दुखायला हवं ना!”

“मोडक्या हाडावर भार पडला की कळ येते. भार कुठे पडला? आणि सांधायचा निरोपही धक्क्यातूनच जातो. तोही गेला नाही. पोकळ हाडं स्नायूंच्या नुसत्या ओढीनं मोडली, तुमच्या फेसानं ती अलगद धरून ठेवली, आणि अक्का धावत राहिल्या.”

उपाध्ये खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.

“झालं का तुमचं कुजबुजणं?” मागून अक्कांचा आवाज आला. “मी निघते बाई.”

विशाखा वळली. अक्कांनी एक पाय खुर्चीखाली सोडला होता. अंगठा फरशीपासून वीतभर वर.

“अक्का! पाय टेकवू नका!”

ती इतक्या जोरात ओरडली, की अक्कांनी साप बघितल्यासारखा पाय वर ओढला. लग्नाला एवढी वर्षं झाली, भावजयीचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

“काय गं? काय आहे खाली?”

“फरशी आहे.” विशाखानं त्यांचे दोन्ही पाय मांडीवर घेतले. “अक्का, तुमच्या टाचा मोडल्यात. दोन्ही.”

अक्का हसल्या. “चल! मोडल्या असत्या तर मी गप्प बसले असते होय? अख्खी आळी डोक्यावर घेतली असती.”

विशाखानं त्यांच्या टाचेवर अंगठा ठेवला आणि अगदी हळू, कणीक भिजलीय का बघावं तसा दाबला.

अक्कांची किंकाळी बाहेरच्या जिन्यापर्यंत गेली. मग त्या स्वतःच्या टाचेकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण त्याहून जास्त आश्चर्य होतं. घरात वर्षभर कुणी परकं राहत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, असं काहीसं.

“मग घाल ते जोडे परत,” त्या बारीक आवाजात म्हणाल्या. “घाल लवकर.”

“त्यांनीच तर हे केलंय, अक्का. घातले तर हाडं आणखी झिजणार.”

“म्हणजे घातले तरी मरण, काढले तरी मरण. सासरच म्हण की.” मग त्यांनी विशाखाचं मनगट धरलं. “विशाखा, मी पुन्हा चालेन ना गं?”

“चालाल. आधी प्लास्टर. मग रोज थोडा थोडा भार, मापून. हाडाला पुन्हा ऐकायला शिकवावं लागेल. वेळ लागेल, पण चालाल.” हे ती अक्कांना सांगत होती की स्वतःला, तिलाही कळेना. “देवीला मी जाईन तुमच्याऐवजी. अनवाणी.”

“तू? किल्ला चढून? अर्ध्यात बसशील.” अक्कांनी डोळे पुसले. नाव ठेवलेलं ऐकून विशाखाला इतकं बरं वाटलं, की तिनं त्यांचे पाय तसेच छातीशी धरले.

आणि मग अक्का म्हणाल्या, “दरवर्षी बरोबर चढणाऱ्या आमच्या सगळ्याजणी वाट बघत असतील पायथ्याशी. त्यांना तरी कळव. माझ्या भरवशावर पाडव्याला सगळ्यांनी घेतले हे जोडे. म्हणाल्या, अक्का नाव ठेवत नाही म्हणजे बघायलाच नको.”

विशाखानं त्यांचे पाय अलगद खुर्चीवर ठेवले. सगळ्यात जुनी भेग सात महिन्यांची, म्हणजे जोडा घातल्यापासून चार-पाच महिन्यांतच हाड मोडलं होतं. पाडवा सहा महिन्यांपूर्वीचा.

तिनं कंपनीचे विक्रीप्रमुख गुजर यांना फोन लावला. मागे गर्दी होती, हलगी वाजत होती.

“गुजर, मऊपाऊलबद्दल किती तक्रारी आल्यात?”

“एकही नाही, मॅडम! पाडव्यापासून एकही नाही. असा माल मी जन्मात विकला नाही. लोक म्हणतात पाय आहेत हेच विसरलो!”

“तुम्ही कुठे आहात आत्ता?”

“किल्ल्याच्या पायथ्याशी. आपली नवरात्र योजना नाही का? अनवाणी राहणाऱ्यांनी जोडा आणि सपाता आमच्याकडे द्यायच्या, दसऱ्याला धुऊन परत. रांग बघायला हवी होती तुम्ही! बाकड्यावर बसवतो, आमची पोरं स्वतःच्या हातानं जोडे काढून घेतात. मान राहतो ना माणसाचा.”

“थांबवा. एकालाही उठू देऊ नका. जोडे परत चढवा, सगळ्यांच्या पायात, आत्ता!”

“परत कसे, मॅडम? सगळे हौदात टाकलेत, साबणाच्या पाण्यात. आणि पहिली तुकडी आत्ताच उठली की. देवीचं नाव घेऊन निघाल्या बायका, दगडी पायऱ्यांवरून…”

फोनमध्ये एक बाई ओरडली.

“एक मिनिट हं, पायरीवर कुणीतरी घसरलं वाटतं,” गुजर म्हणाले.

मग दुसरी ओरडली. मग एका पुरुषाचा आवाज. हलगी थांबली. खुर्चीवर अक्कांनी हात जोडले होते, उपाध्ये कानांवर हात दाबून खाली बसले होते, आणि फोनमधले आवाज पायरीपायरीनं वर चढत होते.