गुंडेराव मास्तरांच्या बोळातला उकाडा

"छत्तीस!" ईश्वरी थर्मामीटर नाचवत ओरडली. "रस्त्यावर सावलीत तेहतीस आणि या बोळात छत्तीस!"

"इथे तर ऊनही येत नाही," यशोधन पुटपुटला. "नक्कीच काहीतरी गडबड आहे!"

मैसूरच्या त्या अरुंद बोळात गुंडेराव मास्तर एकटे राहत. काल दुपारी ते घेरी येऊन पडले होते. उन्हाचा त्रास, असं सगळे म्हणाले. पण मास्तर घराबाहेर पडलेच नव्हते!

तिघं मुलं आत गेली. "अय्यो, यंदाचं ऊनच भारी रे," मास्तर खाटेवरून म्हणाले. "दोन महिने झाले, खिडकी उघडली की जीव गुदमरतो. घाम म्हणून वाळत नाही बघ."

त्या दोघांची मैत्रीण पावनी हिने कान टवकारले. "घाम वाळत नाही? मग हवेत ओलावा असणार!"

तिने दोन ओले रुमाल वाळत घातले, एक रस्त्याकडेला सावलीत, दुसरा बोळात. तासाभराने रस्त्याकडचा रुमाल कडक वाळला होता. बोळातला मात्र तसाच ओलाचिंब!

बोळाच्या दुसऱ्या बाजूला नव्या लाँड्रीची मागची भिंत होती. तिला लावलेल्या पत्र्याआडून घरघर ऐकू येत होती. यशोधनने फटीतून डोकावून पाहिलं. एसीची चार यंत्रं गरम हवा फेकत होती आणि एका जाड नळीतून वाफ!

तिघं पुढच्या दाराशी गेली. मॅनेजर निशांत गारेगार केबिनमधून बाहेर आला. "वाफ? आमची मशिनं दुपारी बंद असतात. पळा!"

पावनीची नजर त्याच्या चष्म्यावर होती. "बरं सर. पण मागचा पत्रा सगळा ओला झालाय. भिंतीत पाणी मुरेल हं!"

निशांत घाबरून गार केबिनमधून थेट मागच्या दाराने बोळात धावला, तिघं त्याच्या मागोमाग. क्षणात त्याचा चष्मा पांढराफटक! त्याने पुसला, पुन्हा धुरकटला.

"रस्त्यावर आलात तेव्हा चष्मा स्वच्छ होता, सर," ईश्वरी म्हणाली. "मग ही बंद मशिनांची वाफ का?"

बोलाचाली ऐकून लाँड्रीच्या मालकीण वरलक्ष्मी अम्मा वरच्या मजल्यावरून खाली आल्या. "निशांत, नळी छतावर नेली म्हणून सांगितलं होतंस ना?"

निशांतने मान खाली घातली. "राहून गेलं, मॅडम."

अम्मांनी तिथल्या तिथे मशिनं बंद करवली आणि स्वतः मास्तरांची माफी मागितली. चार दिवसांत नळी आणि एसीची यंत्रं छतावर गेली.

"पण अम्मा, छतावरूनही उष्णता शहराच्याच हवेत जाणार," यशोधन हळूच म्हणाला.

"खरंय! मग एसी कमी चालवू, आणि वाफेवर धुण्याचं पाणी तापवू," अम्मा हसल्या.

मास्तरांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाबास! अय्यो, चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, आणि उकाड्याचा संशय घेतला तो बिचाऱ्या सूर्यावर!"